साकी आमच्या घरातला

आमच्या घरात दारूची बाटली कधी आली नाही. पण दारूवर जितकी चर्चा आमच्या ओटीवर झाली, तितकी उरणच्या एखाद्या परमिट रूममध्येही झाली नसेल. कारण आमचा धाकटा भाऊ बारटेंडर झाला.

त्याने १९९६ साली बारावी केली. तेव्हा उरणमध्ये नोकरी म्हणजे तेल-वायूचा प्रकल्प नाहीतर १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याकडे निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता. आमच्याकडे जमीनच नव्हती, तर दाखला कुठला? मोऱ्याहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि मुंबईत पोट भरायचे, हाच आम्हा भावंडांचा रस्ता. धाकटा दादरच्या केटरिंग कॉलेजात गेला. अब्बांना वाटले, पोरगा बिर्याणी शिकतोय. तीन वर्षांनी कळले, तो एका मोठ्या हॉटेलात काउंटरमागे उभा राहतो.

अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, "बेटा, दारूवर लानत आहे ती फक्त पिणाऱ्यावर नाही. गाळणारा, वाहणारा, विकणारा, पाजणारा, सगळे त्यात आले. हदीस तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे अब्बा. मी एक थेंब चाखलेला नाही, आणि चाखणारही नाही."

"मग तुझी कमाई तू ठेव. या घराला नको."

त्या दिवसापासून त्याचा एक पैसाही अब्बांनी घेतला नाही. ईदेला त्याने आणलेले कापड ते शिवून घेत नसत.

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. आम्हाला तिची गंमतही वाटे. उरणचा आणि दारूचा संबंध काही आमच्या भावाने जोडलेला नाही. इंग्रजी अमदानीत उरण दोन गोष्टींसाठी नावाजलेले होते, मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. पारशी मालकांच्या त्या भट्ट्यांतला माल बंदरातून मुंबईला जाई आणि सरकारची तिजोरी आबकारीने भरे. आमच्या पणजोबांचे गलबत होते. ते मीठ नेत. फक्त मीठच नेत, असे घरात आजही सांगतात. आम्हीही तसेच सांगतो.

दुसरी गंमत शायरीची. मुशायऱ्यात साकीचे नाव आले की पहिल्या रांगेतले बुजुर्ग मान डोलावतात. गालिब पीत होते, ते त्यांनी लपवले नाही. रियाज खैराबादींनी आयुष्यभर शराबवर शेर लिहिले आणि ओठाला थेंब लावला नाही, म्हणून त्यांचे कौतुक आजवर होते. शराब आणि शरबत ही दोन्ही नावे तरी एकाच अरबी धातूतून आलेली, अर्थ नुसता पिणे. गझलेतला साकी आम्हाला चालतो. तोच शेजारच्या घरातून निघून सातची लाँच पकडू लागला की खटकतो.

पण न चाखता हे काम जमते कसे, हा प्रश्न आम्हालाही होता. सुट्टीत आला की तो सांगे. पेयात नळी बुडवायची, वरून बोट दाबून चार थेंब उचलायचे आणि चव पाहायची, ही या धंद्यातली रीत. तो नळी उचले आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती देई. बाकी सारे मापाने. ३० मिलीचा पेग म्हणजे ३० मिली, हात सैल नाही की आखडता नाही. फळांचा रस असेल तर शेकरमध्ये बर्फ घालून जोरात हलवायचे, नुसतीच दारू असेल तर लांब चमच्याने हळू ढवळायचे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले की त्याची आवड लक्षात हवी. रात्री प्रत्येक बाटलीत किती उरले, त्याची नोंद वहीत. त्याच्या वहीत कधी तूट आली नाही, म्हणून तो वर चढत गेला. पुढे क्रूझच्या बोटीवर लागला, मग बारचा प्रमुख झाला.

"सगळ्यात अवघड काय?" आम्ही एकदा विचारले.

"नाही म्हणणं," तो म्हणाला. "माणूस पुरेसा प्यायलाय हे त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. मग त्याचा अपमान न करता पुढला ग्लास नाकारायचा. त्याच्या पुढ्यात पाणी ठेवायचं, घरच्या गोष्टी काढायच्या. मी न पिणारा, म्हणून मला ते लवकर दिसतं."

हे ऐकून त्याची कमाई हलाल झाली, असे आम्ही म्हणत नाही. तो स्वतःही म्हणत नाही. जे हराम आहे ते आमच्या युक्तिवादाने बदलत नाही. पण हुनर त्याचे खरे होते आणि त्याची सचोटीही खरी होती. दोन्ही गोष्टी आम्ही पाहिल्या आहेत.

२००९ साली अब्बांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. इस्पितळाने आगाऊ रक्कम मागितली. आम्ही मोठ्यांनी बँकेतले काढले, अम्मीच्या बांगड्या मोडल्या, तरी अर्धेच जमले. तो बोटीवर होता. फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी पैसे आले. आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते भरले. अब्बांना सांगितले, जमातीतल्या एकाने कर्जाऊ दिले. बरे झाल्यावर ते वर्षभर दरमहा थोडे पैसे आमच्या हाती ठेवत राहिले, त्या कर्जदात्याला पोचवायला. आम्ही ते घेत राहिलो आणि धाकट्याच्या नावे बँकेत टाकत राहिलो.

२०१४ साली अब्बा गेले. कर्ज फिटले, या समाधानात गेले.

धाकट्याने पुढे बोट सोडली. आता तो हॉटेलांत येणाऱ्या मुलांना शिकवतो. रमजानमध्ये घरी असला की मशिदीच्या इफ्तारीचे शरबत त्याच्याकडे असते. कोकमाचे आगळ, जिरे, काळे मीठ, किंचित गूळ. शंभर माणसांचे पातेले, पण पहिल्या आणि शेवटच्या ग्लासात फरक नाही. रोजा असतो, म्हणून तेही तो न चाखताच बनवतो. पूर्वी कुजबुजणारे आता दुसरा ग्लास मागतात आणि या हाताने ते कुठे शिकले, हे विचारत नाहीत.

कर्जाची गोष्ट मात्र अम्मीलाही माहीत नाही. अब्बांशी आम्ही खोटे बोललो, त्यांचा नेम त्यांच्या नकळत आम्ही मोडला. त्यांना आणखी पाच वर्षे मिळाली, हेही त्याच पैशातले. हिशेब वरचा मालक करील. भावाच्या वहीत तूट नव्हती. आमच्या वहीत आहे, आणि ती आज प्रथमच इथे लिहून ठेवतो आहोत.