दाराचं पॅनल

गाडीच्या खिडकीची काच मध्येच अडकली, म्हणून आज दाराचं पॅनल काढायला बसलो. गारठ्यात प्लास्टिकच्या क्लिपा पटकन तुटतात, तेव्हा गाडी आधी उन्हात लावली. मग स्क्रूंचा शोध: एक आतल्या हँडलमागे टोपणाखाली, दुसरा आर्मरेस्टच्या खळग्यात. कंपन्यांना लपवाछपवीची भारी हौस! खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी सारली. स्क्रूड्रायव्हरने रंगावर ओरखडा ठरलेलाच. पट्टी क्लिपच्या अगदी लगत हवी. लांबून ओढलं की क्लिप दारातच राहते आणि पॅनलमागची तिची बैठक फुटते. टक्, टक्. पॅनल वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवलं, पण लगेच ओढलं नाही, मागे स्विचची वायर असते. कनेक्टरची जीभ दाबून ती सोडवली. आतला चिकटवलेला प्लास्टिक कागद मात्र हळूहळू सोलला. तो फाटला तर पावसाळ्यात पाणी थेट पायाशी.