आधी पेटावा, मग विझावा

दसरा झाला की तलवाड्यात गाड्या बाहेर निघतात. नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाची गर्दी ओसरते न ओसरते तोच गेवराई तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीच्या तयारीला लागतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जाणार, कुणी कर्नाटकात. मुकादमांच्या जीपा आणि पिकअप पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला उभ्या असतात. गोठ्यात सरकी, सरकीमागे उंदीर, आणि उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते. वायरींचं आवरण कुरतडलं जातं, कुठंतरी शॉर्ट होतं, धूर निघतो आणि मालक अख्खी वायरिंग बदलून घेतो. त्यानंतर तो माझ्याकडं, म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनकडं येतो ते एकच गाऱ्हाणं घेऊन: ‘वायरिंग नवी टाकली आणि तवापासून बॅटरी उतरायला लागली.’

अशी एक जीप गेल्या हंगामात दुकानापुढं ढकलत आणली होती. मुकादम वैतागलेले. ‘मिस्तरी, बॅटरी नवी, डायनमो नवा, वायरिंग बी नवी. आता काय इंजिन बदलू का?’ त्यांचा वैताग खरा होता. पण उत्तर त्यांच्याच बोलण्यात होतं. वायरिंग बदलायच्या आदल्या दिवशीपर्यंत जुना डायनमो नीट चार्जिंग करत होता. बॅटरी आणि डायनमो बदलले ते दोष सुरू झाल्यावर; त्याआधी बदल झाला तो फक्त तारांत आणि त्यांच्या जोडांत. मग संशयही तिथंच घ्यायचा. यंत्राला हात नंतर.

आधी हे चक्र कसं चालतं ते पाहू. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी आणि ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरीत करंट परत ढकलायचा तर तिच्यापेक्षा जास्त दाब हवा, म्हणून इंजिन चालू असताना तिच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. हा दाब देतो अल्टरनेटर, ज्याला आमच्याकडं अजून डायनमोच म्हणतात. पट्ट्यानं त्याचा रोटर फिरतो, भोवतालच्या गुंडाळ्यांत वीज तयार होते, डायोड ती एकाच दिशेची करतात आणि रेग्युलेटर, म्हणजे कटआऊट, तिला आवरतो.

इथं एक मेख आहे. रोटर हा लोहचुंबक नाही, विद्युतचुंबक आहे. त्याच्या गुंडाळीत करंट गेला तरच तो चुंबक होतो, आणि तो चुंबक झाला तरच वीज तयार होते. मग सुरुवातीचा करंट येणार कुठून? जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो येतो डॅशबोर्डच्या मीटरमधल्या लाल दिव्यातून. चावी फिरवली की बॅटरीचा करंट त्या दिव्यातून ‘डी प्लस’ किंवा ‘एल’ लिहिलेल्या पिनवाटे रोटरमध्ये जातो. दोन-तीन वॅटचा तो बल्ब, म्हणजे जेमतेम पाव ॲम्पियर करंट, पण तेवढ्यानं रोटर जागा होतो. अल्टरनेटर स्वतः वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो, करंट थांबतो, दिवा विझतो. चावी फिरवल्यावर तो पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लोक फक्त विझलेला दिवा बघतात आणि समाधान मानतात. मुळात पेटलाच नव्हता, हे कुणी बघत नाही.

त्या जीपचा दिवा पेटतच नव्हता. बॅटरी ११.९ वर. इंजिन चालू केलं तर आकडा वर जाण्याऐवजी ११.८. रेस दिली तसा काटा झपकन १४.२ वर गेला आणि तिथंच राहिला. इंजिन बंद करून परत चालू केलं की पुन्हा ११.८. ही खूण मी कुठंही ओळखेन. रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं, वेग वाढवला की तेवढ्यावर अल्टरनेटर स्वतःच उठतो. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं, त्याला सुरुवातीचा धक्का मिळत नव्हता. सकाळी वस्तीवरून निघालेली जीप कच्च्या रस्त्यानं हळूहळू चालली, दोन-चार ठिकाणी थांबली, तर दिवसभरात बॅटरीत काही जमा होण्याऐवजी उलट खर्च व्हायचा.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. अल्टरनेटरवरची ‘डी प्लस’ची बारीक वायर काढायची, चावी ऑन करायची आणि वायरीचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं. दिवा पेटला तर वायर ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत. नाही पेटला तर दोष वायरीत, बल्बात किंवा फ्यूजमध्ये. जाडजूड ‘बी’ टर्मिनलच्या वायरीला मात्र हा प्रयोग चुकूनही करू नये. ती थेट बॅटरीला जोडलेली असते, ठिणग्यांचा फवारा उडेल. त्या जीपचा दिवा नाही पेटला. मीटर खोललं, बल्ब चांगला होता. कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, हातात घेऊन पिना एकेक करून निरखल्या, तर एक पीन बाकीच्यांपेक्षा नखभर मागं सरकलेली दिसली. तिच्या पाठीवरची लॉकची पितळी जीभ चपटी झाली होती. कपलर बसवताना ‘टक’ असा आवाज आला असेल, पण ती पीन मागच्या मागं ढकलली गेली होती. सुईनं जीभ उचलली, पीन परत बसवली, वायर ओढून पाहिली. चावी फिरवली, दिवा पेटला. सेल्फ मारला, विझला.

इथं बरेच जण बॉनेट लावून पैसे घेतात. पण नव्या वायरिंगमध्ये एक जोड चुकला असेल तर दुसरा बरोबरच असेल असं मानायचं कारण नाही. मी हेडलाइट लावून इंजिन चालू ठेवलं आणि मोजलं. अल्टरनेटरवर १४.२, बॅटरीवर १३.२. एक अख्खा व्होल्ट वाटेत हरवला होता. मल्टीमीटरची एक सुई अल्टरनेटरच्या ‘बी’वर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली तर ०.३. हे चालण्याजोगं. मग एक सुई अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर: ०.७. इथं ०.२ च्या वर आकडा असता कामा नये. इंजिनाच्या अर्थची पट्टी नव्यानं कसताना रंग दिलेल्या पत्र्यावरच बसवली होती. पॉलिश पेपरनं रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून तीच पट्टी पुन्हा कसली. बॅटरीवर १३.८ दिसले.

हा दोष गाडी बंद असताना कधीच सापडत नाही. मल्टीमीटर ओहमवर ठेवून तीच पट्टी तपासली तर ती ठीकच दाखवते, कारण मीटर अगदी किरकोळ करंट सोडून मोजतो. जोडाचा अडथळा ०.०२ ओहम असला तरी त्यातून ५० ॲम्पियर जाताना एक व्होल्ट जातो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून.

वायरींच्या रंगावर विसंबणं हा आणखी एक सापळा. इंग्रजी वळणाच्या जुन्या गाड्यांत तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट लाइन आणि काळी म्हणजे अर्थ. चार्जिंगच्या दिव्याची वायर तपकिरी, वर पिवळी रेघ. जर्मन मानकात तपकिरीच अर्थ असते आणि लाल थेट लाइन. तिथं पिनांना आकडेही आहेत: ३० थेट लाइन, १५ चावीनंतरची, ३१ अर्थ, ६१ चार्जिंगचा दिवा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही मीटर बदललेलं असू शकतं. मग कपलर फिट बसतो, पण दिव्याची वायर रिकाम्या पिनेवर येते. म्हणून हार्नेस, म्हणजे वायरिंगचा तयार संच, विकत घेताना मॉडेलबरोबर गाडीचं वर्षही सांगावं आणि जुना हार्नेस भंगारात टाकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पिना जुळवून घ्याव्यात.

एक जुनी खोड अजून गेलेली नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन चालू राहिलं तर ‘डायनमो पास’ म्हणायचं. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं की दाब क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो आणि डायोड उडू शकतात. आजच्या गाडीत तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकही जाऊ शकतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस ६ मानक आलं, त्या पिढीतल्या अनेक गाड्यांत चार्जिंगचा दाब ईसीयूच ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवायला तो दाब मुद्दाम खाली आणतो, त्यामुळं तिथं १४ दिसले नाहीत म्हणून घाबरायचं नाही, स्कॅनर लावायचा. काही गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. जादा दिवे किंवा हॉर्न बसवताना त्यांची अर्थ थेट त्या टर्मिनलला जोडली तर तो करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही. बॉडीला जोडावी.

त्या मुकादमांना मी आणखी एक गोष्ट करायला लावली. कित्येक दिवस उतरलेली राहिलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नये. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि चांगला अल्टरनेटरही तिला पूर्ण भरू शकत नाही. ६५ ॲम्पियर-अवरची बॅटरी ६ ॲम्पियरवर रात्रभर चार्जरला लावली. सकाळी गाडी घेऊन गेले.

पैशावरून मात्र घासाघीस झालीच. माझ्या बिलात एकही सुटा भाग नव्हता. नवी बॅटरी टाकली की खोका हातात येतो, माणूस मुकाट पैसे मोजतो. एक पीन पुढं सारली आणि थोडा रंग खरवडला याचे पैसे मागितले की कपाळाला आठ्या. या सवयीमुळंच मिस्तरीही भाग बदलायला शिकतात, कारण भाग विकला जातो आणि शोधणं विकलं जात नाही. म्हणून गाडीमालकांना माझं सांगणं आहे, वायरिंग बदलून गाडी ताब्यात घेताना दारातच तीन गोष्टी करून घ्या. चावी फिरवून लाल दिवा पेटतो का पाहा, इंजिन चालू झाल्यावर विझतो का पाहा, आणि हेडलाइट लावून बॅटरीवरचा आकडा मल्टीमीटरवर वाचायला सांगा. आकडा दाखवायला जो मिस्तरी कां कू करेल, त्याच्याकडून नवी बॅटरी घेऊ नका.