तेकू

आमच्या प्रोजेक्टमध्ये एक अलिखित करार आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत आमच्या लीडचा फोन बंद. तेवढ्या वेळात प्रॉडक्शन पेटलं तर विझवायला मी. बदल्यात दिवाळी, गणपती आणि भारत-पाकिस्तान मॅच या दिवशी विझवायला तो. डिसेंबरात इथे न्यू जर्सीत साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे तेव्हा तो शुक्रवारी अडीचलाच बॅग आवरायला लागतो. टीममधल्या बाकीच्यांना याचं भारी नवल. मला तितकंसं वाटत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मी ऐकून होतो.

पण आजचा विषय शनिवार नाही. विषय आहे त्याची शाळा.

मोठं डिप्लॉयमेंट असलं की रात्री दोन-तीनपर्यंत स्क्रिप्ट चालत राहतात आणि माणसांना काही काम नसतं. अशा वेळी लोक बायको, मॉर्गेज किंवा क्रिकेटवर बोलतात. आमचा लीड शाळेवर बोलतो. तो येशिवा हायस्कूलमध्ये शिकला, म्हणजे ज्यू धर्माची माध्यमिक शाळा, नववी ते बारावी. आता त्याचा मोठा मुलगा तशाच शाळेत दहावीला आहे.

या शाळांचा दिवस ऐकूनच मला दमायला झालं. पावणेआठच्या आसपास सकाळची प्रार्थना. तेरा वर्षांवरचे मुलगे तेफिलिन बांधतात. तेफिलिन म्हणजे कातडी पट्ट्यांच्या दोन छोट्या काळ्या डब्या, आत तोराहमधले उतारे लिहिलेले. एक दंडावर, एक कपाळावर. मग दुपारपर्यंत गेमारा, बायबल, हिब्रू. जेवण झालं की दुसरी शाळा सुरू : गणित, फिजिक्स, इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास. सुटायला पाच, कधी त्याहून उशीर. मग बास्केटबॉल आणि दोन्ही शाळांचा गृहपाठ. गुरुवारी रात्री पुन्हा 'मिश्मार', म्हणजे ऐच्छिक अभ्यास. तिथे चोलंट नावाचं मांस-बटाटे-राजमा घालून तासन् तास शिजवलेलं कालवण मिळतं आणि निम्मी पोरं त्यासाठीच येतात (हे लीडचं स्वतःचं म्हणणं!).

एका दिवसात दोन शाळा कोंबायची ही कल्पना फार जुनी नाही. १८०३ साली रब्बी हाईम यांनी वोलोझिन या गावी, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये, येशिवा काढली. पूर्व युरोपातल्या पुढच्या येशिवांनी तिचाच कित्ता गिरवला. तिथे फक्त ताल्मूद. रशियन सरकारने बाहेरचे विषयही शिकवा म्हणून अटी लादल्या आणि १८९२ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड रेव्हेल यांनी जे हायस्कूल सुरू केलं त्यात ताल्मूद आणि अमेरिकन अभ्यासक्रम दोन्ही एकाच छताखाली होते. एका खंडात जो वाद संस्था बंद पडेपर्यंत गेला, तेच दुसऱ्या खंडात रोजचं वेळापत्रक झालं. मुलींसाठी क्राकावमध्ये १९१७ साली सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शाळा काढली, तिच्यातून बेस याकोव्ह शाळांची साखळी उभी राहिली. मुलींना ताल्मूद शिकवायचा की नाही यावर आजही एकमत नाही. बॉस्टनमध्ये रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी १९३७ मध्ये काढलेल्या शाळेत मात्र मुली मुलग्यांबरोबर तो शिकल्या. इस्रायलमध्येही अशा शाळा आहेत, तिथे सकाळी गेमारा आणि नंतर सरकारी बगरूत परीक्षेची तयारी.

असो. इतिहास बाजूला ठेवू.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, की चार वर्षं रोज सकाळी नेमकं करता काय? देव आहे हे सिद्ध करता?

तो हसला. "चार वर्षांत मला कुणी देव सिद्ध करायला सांगितला नाही. हरवलेल्या पैशांचं काय करायचं, ते विचारलं."

ते असं. ताल्मूदात बावा मेत्सिया नावाचा भाग आहे. त्यातलं हरवलेल्या वस्तूंचं प्रकरण नवशिक्या मुलांना आवर्जून शिकवतात. रस्त्यात विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची, कारण त्यांच्यावर ओळखीची खूण नसते आणि मालकाने आशा सोडलेली असते. खूण असलेली वस्तू मात्र जाहीर करून मालक शोधायचा. इथवर सोपं आहे. पण पैसे पडलेत हे मालकाला अजून कळलेलंच नसेल तर? कळलं असतं तर त्याने आशा सोडली असती हे नक्की, पण मी उचललं त्या क्षणी त्याने ती सोडलेली नव्हती. मग ते पैसे कुणाचे? (आमच्या भाषेत हा सरळसरळ रेस कंडिशनचा प्रश्न आहे!) चौथ्या शतकातल्या बॅबिलोनियात अबाये आणि रावा नावाचे दोन पंडित यावर भांडले. रावा म्हणतो चालेल, अबाये म्हणतो चालणार नाही. या दोघांच्या वादांत निकाल बहुतेक वेळा रावाच्या बाजूने लागतो. अबायेच्या बाजूने लागलेले वाद फक्त सहा धरतात, त्यातला हा एक. आणि गंमत म्हणजे निकाल ठरलेला असूनही रावाची बाजू पुस्तकातून कुणी काढलेली नाही. पोराने ती तितक्याच जोरात मांडून दाखवायची.

ताल्मूदाचं पान बघाल तर कळेल. मधोमध मूळ मजकूर. आतल्या बाजूला राशी, अकराव्या शतकातला फ्रान्समधला टीकाकार. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्याच्या नंतरच्या पिढ्यांच्या टिपा. त्यात राशीचा सख्खा नातू आहे आणि तो आजोबांना बिनदिक्कत खोडून काढतो. आजोबा आणि नातू एकाच पानावर समोरासमोर छापलेले! शिवाय प्रत्येक भाग दुसऱ्या पानापासून सुरू होतो, पहिलं पान नसतंच. आम्ही शून्यापासून मोजणारे लोक, मला हे फार आवडलं. यावरची लोकप्रिय मखलाशी अशी, की आपण अगदी सुरुवातीपासून वाचतोय असं कुणालाच वाटू नये.

आणि हे सगळं एकट्याने वाचायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्या जोडीला हव्रूता म्हणतात. दोघं समोरासमोर बसून मोठमोठ्याने वाचतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. अभ्यासाच्या दालनात एका वेळी अशा पन्नास जोड्या ओरडत असतात. आपल्याकडच्या वाचनालयातली 'शांतता राखा'ची पाटी तिथे कुणाला समजणारच नाही. वर्गात मुलं किती असावीत याचाही विचार ताल्मूदात आहे : एका शिक्षकामागे पंचवीस, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक.

आता माझं सांगतो. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात सत्तर पोरं होती. पीएलमध्ये आयएमपी प्रश्न पाठ करायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवून काढायची, ओरलला एक्स्टर्नल काय विचारतो ते आधीच्या बॅचकडून काढून घ्यायचं. चार वर्षांत परीक्षेला येणार नाही असं एकही पान मी वाचलं नाही, आणि वाचावं असं मला कुणी सुचवलंही नाही. 'कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर तयार होतं : कॅम्पससाठी. कॅम्पस झालं. मग ऑनसाइटसाठी. तेही झालं. आता अठ्ठाविसाव्या वर्षी रात्री अडीच वाजता प्रोग्रेस बारकडे बघताना तोच प्रश्न पुन्हा येतो आणि तयार उत्तर संपलेलं असतं. त्यामुळे लीडच्या शाळेबद्दल ऐकताना मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू.

पण गेल्या महिन्यात तो नेहमीसारखा रंगात नव्हता. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, पोरगा परवा रात्री खोलीत आला. म्हणाला, मी रोज तेफिलिन बांधतो, पण ऐकणारं कुणी आहे असं मला वाटत नाही.

मी म्हटलं, तुमच्याकडे तर प्रश्न विचारायची मुभा आहे ना? मग अडचण काय?

तो म्हणाला, "मीही त्याला हेच म्हटलं. त्यावर तो म्हणतो, पानावरचं सगळं विचारता येतं. हे पान का वाचायचं, ते विचारता येत नाही."

सोळा वर्षांचं पोर! मला पुढे काय बोलावं सुचेना.

वरवर पाहता हा घरोघरचा प्रश्न आहे. आपल्याकडेही मुलगा संध्या सोडतो, आई चार दिवस रुसते, मग सगळं सुरळीत होतं. इथे तसं नाही. त्या मुलाचे मित्र, शेजारी, शुक्रवार रात्रीचं जेवण, बारावीनंतर इस्रायलला जाऊन शिकायचं वर्ष, पुढे लग्न, सगळं त्या एका धाग्यात ओवलेलं. धागा सुटला तर देवावरचा विश्वास तेवढा जाणार नाही, सगळं गावच जाईल. या भागात अशा हायस्कुलाची फी एका मुलाला वर्षाला तीस हजार डॉलरच्या घरात जाते. याला तीन मुलं. हा बारा वर्षं जुनी गाडी चालवतो आणि टीममधले आपले लोक त्याला कंजूस म्हणतात.

"एवढं करून त्याने विश्वास ठेवलाच नाही तर?" मी विचारलं.

"वॉरंटी नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "प्रश्न विचारला तर मला राग येत नाही. तो उठून गेला तर दुखेल. दोन्ही खरं आहे."

ताल्मूदात एखादा प्रश्न दोन्हीकडून तपासूनही सुटला नाही तर शेवटी एक शब्द येतो : तेकू. म्हणजे राहू दे, तसाच उभा राहू दे. असे तीनशेच्या वर प्रश्न आहेत. परंपरा म्हणते की प्रेषित एलिया येईल तेव्हा ते सोडवेल. आजच्या हिब्रूत फुटबॉलची मॅच बरोबरीत सुटली तरी तेकूच म्हणतात. त्या रात्री बापाला दुसरं काही सुचलं नाही, तेव्हा तो पोराला म्हणाला, तेकू. पोरगा म्हणाला, "बाबा, मॅच संपल्यावर तेकू म्हणतात. आपली अजून चालू आहे."

हे सांगताना लीडचा चेहरा बघायला हवा होता. दुःखी होता, पण थोडा खूषही होता. पोराने रावासारखा मुद्दा काढला होता ना!

सध्या एवढंच ठरलंय, की रविवारी सकाळी दोघांनी समोरासमोर बसून एक पान वाचायचं. प्रार्थनेबद्दल बापाने विचारायचं नाही. गुरुवारी पोरगा मिश्मारला अजून जातो. चोलंटसाठी जातो म्हणतो.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला त्यांचा देव नको आणि ते वेळापत्रक तर मुळीच नको. हेवा वाटतो तो समोर बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाचा. 'कशासाठी?' हा प्रश्न त्या पोराने निदान कुणाला तरी मोठ्याने विचारला, आणि ऐकणारा खुर्ची सोडून उठला नाही. मी तो आजवर फक्त स्वतःला विचारत आलो.

म्हणून गेल्या रविवारी बाबांना फोन केला. ते चाळीस वर्षं रोज सकाळी देवपूजा करतात. म्हटलं, बाबा, तुम्ही पूजा कशासाठी करता? पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

बरी आहे म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.