हाव

प्रमाण मराठीत हाव म्हणजे हव्यास. आमच्या नंदुरबारकडे हाव म्हणजे होय. पोराला हाक मारली तरी हाव, जेवलास का विचारलं तरी हाव, आणि समोरच्याचं ऐकायचं नसलं तरी हावच. या एका शब्दापायी मी लहानपणी रेल्वेच्या फोनवर घोळ करून ठेवला होता. पुढं विमानांच्या वैमानिकांशी बोलण्याची नोकरी केली, एअर ट्रॅफिक कंट्रोलरची, ती निवृत्त होईपर्यंत त्या घोळाच्याच जिवावर केली असं मला वाटतं. घोळ माझा होता, निस्तरला तो एका गेटमननं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो.

साल १९७७. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आई मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जायची. हंगामात मैलभर जमीन लाल दिसायची. पथारीच्या कडेनं सुरत-भुसावळचे रूळ, तेव्हा एकेरीच, आणि तिथंच आप्पांचं फाटक. शाळा सुटली की मी त्यांच्या गुमटीत जाऊन बसायचो, कारण तिथं सावली होती, माठ होता आणि फोन होता. काळा, जड, हँडल फिरवून वाजवायचा फोन.

आप्पा घरी भिलोरी बोलायचे, आमच्याशी अहिराणी आणि फोनवर हिंदी. पलीकडच्या स्टेशन मास्तरांची हिंदी गुजराती वळणाची. त्यात वारा पथारीकडून सुटला की मिरचीची धसक सरळ गुमटीत. मास्तर बोलत असताना इकडे ठसका, आणि ठसक्यात निम्मं वाक्य गुल. म्हणून आप्पांनी एक सवयच लावून घेतली होती. मास्तर काही बोलले की ते सगळं जसंच्या तसं त्यांना परत ऐकवायचं. गाडी कोणती, कुठून येते, किती वाजता सुटली. मास्तरांनी हां म्हटलं की मगच फोन ठेवायचा.

मग फाटक लावून, कुलूप घालून आप्पा मास्तरांना एक आकडा द्यायचे. प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. छापील तक्त्यातला दोन अंकी आकडा, एकदा दिला की खोडायचा. तो वहीत चढला म्हणजे फाटक बंद; ‘लावतोच आहे’, ‘लावल्यातच जमा’ या बोलण्याला रेल्वेत किंमत नाही. आकडा देतानाही आप्पा अडुसष्ट म्हणत नसत. ‘छह, आठ’ म्हणायचे. मराठीत सदुसष्ट-अडुसष्ट काय किंवा हिंदीत सडसठ-अडसठ काय, खरखरत्या तारेवर दोन्ही सारखेच. बारा वर्षांनी अलाहाबादजवळ बमरौलीच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकांनी फळ्यावर लिहिलं की उंची, दिशा, वेग सांगताना आकडे सुटे उच्चारायचे, तेव्हा वर्गातली बाकीची मुलं लिहून घेत होती. माझ्या नाकात मिरची गेली.

पण आधी तो घोळ. आप्पा गुरं हाकलायला रुळांवर गेले होते आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडून भराभर काही सांगितलं गेलं, शेवटी ‘समझा?’ मी म्हटलं, ‘हाव.’ आणि ठेवून दिला. मोठ्या माणसासारखं वाटलं.

आप्पा धावत आले. ‘काय सांगं मास्तरनी?’

‘गाडी येते.’

‘कोनती? सुरतकडथीन का भुसावयकडथीन?’

मला काही सांगता येईना. आप्पांनी आधी फाटक लावलं, बैलगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, मग हँडल फिरवलं. मास्तरांचा आवाज मला बाहेर उभ्यानं ऐकू येत होता: एकदा सांगितलेलं कळत नाही का, झोपतोस का गेटवर. आप्पांनी पोराचं नावच काढलं नाही. ‘मेरी गलती, साब, फिरसे बोलो,’ एवढंच म्हणाले. पोरानं फोन घेतला हे कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं, हे मला फार उशिरा समजलं.

मला मारलं नाही. गाडी गेल्यावर जवळ बसवून म्हणाले, ‘हाव नको म्हनू. काय ऐकं ते सांग. मन्हा शबद माले परत दे.’ त्या दिवसापासून माझा छळ सुरू झाला. विड्या आणायला पाठवलं तरी आधी म्हणून दाखवायचं: एक बंडल, एक काडेपेटी, उरलेले वीस पैसे परत. शेजारणीकडून उसनं आणलेलं पीठ आई जसं त्याच वाटीनं मोजून परत करायची, तसा हा हिशेब.

त्याच वर्षी २७ मार्चला तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली होती. मला हे कळलं ते बमरौलीत. धावपट्टीच्या टोकाला असलेल्या केएलएमच्या विमानातून टॉवरला सांगितलं गेलं की आम्ही आता टेकऑफला आहोत. टेकऑफला म्हणजे? आपल्याकडे माणूस फोनवर ‘निघालोच’ म्हणतो तेव्हा तो चप्पल शोधत असतो. टॉवरनंही तसंच धरलं, की तयार होऊन उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला, आणि पुढं म्हणाला, थांबा, मी सांगेन. नेमकं त्याच क्षणी दुसरं, पॅन अ‍ॅमचं विमान ओरडलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका लहरीवर दोघं एकदम बोलले की नुसती शीळ ऐकू येते. केएलएमच्या कानात स्वच्छ पडलं ते एक ‘ओके’. ते तर निघालेच होते. त्यानंतर टेकऑफ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागं घेतानाच उच्चारायचा असं ठरलं; एरवी डिपार्चर म्हणायचं. रेडिओवरच्या ‘रॉजर’चा अर्थही ऐकलं एवढाच, हो असा नव्हे. थोडक्यात, हाव.

आप्पांचं शिक्षण कन्सोलवर उपयोगी पडलं ती रात्र सांगतो. कुणाचं नाव घेत नाही. लहरीवर सहा विमानं होती; त्यातल्या दोघांचे नंबर असे की शेवटचे दोन अंक उलटसुलट. एकाला मी खाली यायला सांगितलं, लेव्हल टू फोर झीरो. उत्तर आलं, ‘रॉजर, डिसेंडिंग.’ ना नंबर, ना उंची. मी विमानाच्या नोंदीच्या स्ट्रिपवर पेन्सिल टेकवली होती, आणखी एक विमान हाक मारत होतं, वेळ नव्हता. घशात उगाच ठसका आल्यासारखं झालं. मी म्हटलं, रीड बॅक, ऐकलं ते परत सांग. आकडा बरोबर परत आला, पण नंबर दुसऱ्याचा. त्याच्या खाली हजार फुटांवर वाहतूक होती. ‘नेगेटिव्ह, मेंटेन लेव्हल’ म्हणून त्याला जागीच धरलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. शेजारचा कंट्रोलर चहा पीत होता, त्याला काही कळलंही नाही. मी मात्र पाळी संपल्यावर बराच वेळ जिन्यात बसून होतो.

शब्द परत घेतला की भागलं, असं मात्र मी कुणाला शिकवलं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर जे झालं त्यानं तो भ्रम ठेवला नाही. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंगनं चौदा हजार फुटांपर्यंत चढायचं होतं, उतरायला येणाऱ्या कझाक विमानानं पंधरा हजारांवर थांबायचं होतं. कझाक विमानातून बोलणारा रेडिओ ऑपरेटर होता, उंचीचं घड्याळ वैमानिकांपुढं. एकशे पन्नास लेव्हल, म्हणजे पंधरा हजार फूट, गाठली असं त्यानं सांगितलंही. समोरून विमान येतंय हेही त्याला सांगितलं गेलं. तरी विमान खाली सरकत गेलं, दोन्ही विमानं धडकली आणि ३४९ माणसं शेतांवर पडली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. कंट्रोलरला उंची कळायची ती वैमानिक सांगेल तेवढीच. आप्पांना गाडी दिसत नसे तसंच. फरक इतकाच, की आप्पा आकडा द्यायच्या आधी फाटकाला कुलूप घालून, ते हातानं ओढून बघायचे.

हे सगळं त्यांना जाऊन सांगायचं मी वर्षानुवर्षं ठरवत होतो. शेवटी गेलो तेव्हा फाटक उरलं नव्हतं, खालून बोगदा काढला होता, रूळ दुहेरी झाले होते. आप्पा मुलाच्या घरी ओट्यावर बसलेले. कान पार गेले होते. मी कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगत सुटलो: विमानं, लेव्हल, दोन सारखे नंबर, तो ठसका, तुमचाच शब्द परत मागितला म्हणून वाचलो. सुनेनं दारात येऊन बघितलं, एवढा ओरडत होतो.

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘हाव.’

काय ऐकलं ते सांगा, असं त्यांना विचारायला माझी जीभ रेटली नाही.