खारातल्या कैरीचे आठ आकडे

भारताच्या कस्टम्स टॅरिफमध्ये हापूसला स्वतःचा आकडा आहे : ०८०४ ५० २१. त्याच रांगेत पुढे केसर, तोतापुरी, लंगडा, दशेरी. रत्नागिरीच्या माणसाला हे वाचून छाती फुगवावीशी वाटते, आणि तशा फुगलेल्या छातीनेच मी आमच्या मालाचे आकडे शोधायचं काम अंगावर घेतलं. पण आमच्या कारखान्यात आंबा पिकायची वाट कोणी बघत नाही. मिरजोळे एमआयडीसीतल्या आत्याच्या शेडमध्ये कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात पडतात, निळ्या पिंपांत भरून राहतात आणि लोणचंवाल्यांकडे जातात. पलीकडे फणसाची कुयरी डब्यात भरली जाते. मिरवेलींवरून उतरलेली थोडी ओली मिरीही खारात असते. हा माल आजवर मुंबईच्या पुढे फारसा गेला नव्हता. यंदा हॉलंडमधल्या एका आयातदाराने नमुने मागवले आणि आत्या म्हणाली, “तू बी.कॉम. झालीस ना? मग तो एचएस कोड का काय तो तूच बघ.”

निर्यातीला लागणारा आयईसी कोड पटकन झाला. आता तो पॅनचाच नंबर असतो, अर्ज ऑनलाइन करायचा. शेतमालाच्या निर्यातीसाठीची अपेडाची नोंदणीही झाली. अडलं ते शिपिंग बिलातल्या एका रकान्यापाशी. तिथे मालाचं नाव पुरत नाही, आठ आकडे लागतात. पहिले सहा जगभर सारखे, तोच आत्याचा एचएस कोड. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. पुढचे दोन भारताचे. एकूण ९७ प्रकरणं, त्यातलं ७७ वं मुद्दाम रिकामं सोडलेलं. जगातली प्रत्येक विकाऊ वस्तू, घोड्यापासून घड्याळापर्यंत, यात कुठे ना कुठे बसलीच पाहिजे.

कैरीची आपण डाळ करतो, चटणी करतो, आमटीत घालतो. म्हणून मी सातवं प्रकरण उघडलं, भाज्यांचं. तिथे ०७११ हे हेडिंग सापडलं : तात्पुरत्या टिकवलेल्या, पण त्या अवस्थेत लगेच खाण्याजोग्या नसलेल्या भाज्या. हे तर आमच्या पिंपाचंच वर्णन! न्हावा शेव्याच्या आमच्या कस्टम्स एजंटकाकांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, कैरी झाडाला लागते ना? मग ती फळांत. आठवा चॅप्टर बघा.”

झाडाला लागलं की फळ, हा नियम मला आवडला, पण पुढचं पान उलटेपर्यंतच टिकला. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक टीप आहे. तिच्यात भाज्या म्हणून वांगी, भोपळे, मिरच्या मोजल्या आहेत, त्यांच्याबरोबर चक्क ऑलिव्हही. ऑलिव्ह झाडाला लागतं. उलट कलिंगड वेलीवर वाढतं आणि मुकाट फळांच्या आठव्या प्रकरणात जाऊन बसतं. त्याची चुलत बहीण काकडी मात्र भाजीत. काकांना हे सांगितलं तर ते नुसतेच हसले. “टॅरिफमध्ये वनस्पतिशास्त्र शोधू नका. आधी हेडिंगचे शब्द वाचायचे, मग टिपा. तिथे काय लिहिलंय ते खरं.”

या गोंधळावर आपल्याकडची कोर्टं बरीच वर्षं पोसली आहेत. विड्याची पानं भाजी आहेत की नाहीत, हा अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणातला प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. भाजी ठरली असती तर करमाफी होती. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शब्दाचा अर्थ शास्त्रीय पुस्तकातून घ्यायचा नाही, रोजच्या बोलण्यात लोक जो धरतात तो घ्यायचा, आणि त्या अर्थाने विड्याचं पान भाजी नाही. आमच्या घरी तर हे पहिल्या इयत्तेतल्या पोरानेही सांगितलं असतं, पण त्याचा निवाडा कोणी छापला नसता.

आठव्या प्रकरणात ०८१२ हे ०७११ चं फळांमधलं भावंड निघालं. शब्द जवळपास तेच, फक्त भाज्यांऐवजी फळं. आणि त्याखाली भारताने स्वतःची एक ओळ टाकली आहे, ०८१२ ९० १० : मिठाच्या पाण्यातल्या आंब्याच्या फोडी. हापूसच्या आकड्याने जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा या ओळीने झाला. दिल्लीत बसून कोणीतरी खारातली कैरी विसरलं नव्हतं.

पण काकांनी लगेच खोडा घातला. “तुमच्या पिंपातली फोड तोंडात टाकून खाता येते?”

मी पिंपाशी गेले. झाकणाचं कडं सोडवलं. वर पांढुरकी साय, खाली पिवळट हिरव्या, किंचित आकसलेल्या फोडी. एक उचलून चावली आणि जीभ अक्षरशः सोलल्यासारखी झाली. कैरीचा आंबटपणा कुठल्या कुठे, नुसतं मीठ. फोडी करणाऱ्या मावशी बघतच होत्या. “अगं, ती रात्रभर पाण्यात टाकायची, दोनदा पाणी बदलायचं, मग लोणच्याला घ्यायची. अशी कोण खातं काय?” माझं उत्तर मला मिळालं होतं. अशी कोणी खात नाही, म्हणूनच ती ०८१२ मध्ये. मीठ बेताचं ठेवून, सरळ ताटात वाढता येईल अशी केली असती तर विसाव्या प्रकरणात गेली असती, तयार खाद्यपदार्थांत. फळ तेच राहतं, हंगाम तोच राहतो, मीठ किती आहे त्यावर प्रकरण बदलतं. कर्नाटकातून जाणाऱ्या बारक्या काकड्यांचंही हेच चालतं. पिंपात मिठाच्या पाण्यात असल्या की ०७११ ४०, काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बसल्या की २००१ १०. दोन्ही प्रकारांत भारत मोठा निर्यातदार आहे.

व्हिनेगरचा विषय निघालाच आहे तर लोणच्याबद्दल. २००१ चं हेडिंग व्हिनेगर किंवा ॲसेटिक ॲसिडमध्ये टिकवलेल्या भाज्या-फळांचं आहे. लोणचं म्हटलं की लोक तोच आकडा टाकून मोकळे होतात. आमच्या आत्याच्या लोणच्यात तेल, मीठ, मोहरी, मेथी, हिंग. व्हिनेगरचा थेंब नाही. म्हणजे कैरीचं असेल तर ते २००८ कडे झुकतं, भाजीचं असेल तर २००५ कडे. बाजारातल्या बरणीवर मात्र घटकांच्या यादीत शेवटी बारीक अक्षरांत आयएनएस २६० दिसतं, तेच ॲसेटिक ॲसिड. तेव्हापासून मी दुकानात बरण्या उलटून वाचत असते. दुकानदाराला वाटतं मी अन्न निरीक्षक आहे.

एका आंब्याच्या झाडाखाली उभं राहून किती प्रकरणं मोजता येतात! ताजा आंबा ०८०४. वाळवलेल्या फोडीही तिथेच, वेगळ्या ओळीत. आमचुराची पूड ११०६. साखरेत घोळवून पाकवला तर २००६. जॅम केला तर २००७, रस काढला तर २००९. पल्पवर किती जीएसटी, यावर तर ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारला परिपत्रक काढून खुलासा करावा लागला. कोयही सुटत नाही, ती तेलबियांच्या बाराव्या प्रकरणात.

कुयरीने मात्र खरोखर छळलं. कोकणात कुयरी ही भाजी; यावर कोणी वादही घालणार नाही. पण युरोपच्या यादीत फणसाचं नाव ०८१० ९० २० या ओळीत लिची आणि चिंचेशेजारी लिहिलेलं आहे, म्हणजे फळांत. आमचा डबा उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो, उघडला की थेट फोडणीला टाकता येतो, त्यामुळे तात्पुरतं टिकवलेलं म्हणायला जागा नाही. उरलं विसावं प्रकरण, आणि त्यात फळ मानलं तर २००८. मी तेच लिहिलं. आत्याला सांगितलं तेव्हा तिने चष्म्यावरून बघत विचारलं, “म्हणजे त्यांच्याकडे कुयरीचं काय, फ्रूट सॅलड करतात?”

हा सगळा कीस कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे. आकडा कस्टम्स देत नाही, आपण लिहायचा आणि त्याची जबाबदारीही आपली. २०२१ पासून सुरू झालेल्या रोडटेप या निर्यातदारांच्या योजनेतले परत मिळणारे पैसे याच आठ आकड्यांवर ठरतात, आणि समोरच्या देशात भरायचं शुल्क पहिल्या सहांवरून सुरू होतं. खात्रीच हवी असेल तर मुंबईत आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण आहे. आमच्या एवढ्याशा पिंपांसाठी तिथे जाण्याची हिंमत अजून झालेली नाही.

ओल्या मिरीचं सोपं निघालं. वाळवली की नवव्या प्रकरणातला मसाला, खारात टाकली की व्यापारात तिला ०७११ ९० १० लावतात. कुळागरातली मिरी भाजी झाली, तरी आत्या काही बोलली नाही, बहुधा दमली होती.

आयातदाराला तिन्ही आकडे पाठवले. त्याचं उत्तर आलं, आकड्यांबद्दल अवाक्षर नाही. इन्व्हॉइसमधलं वजन नुसत्या फोडींचं आहे की मीठ-पाण्यासकट, एवढंच त्याने विचारलं आहे. मावशी म्हणतात, पाणी निथळून मोजायचं तर आधी किती वेळ निथळायचं ते त्याला विचार.