कोरा रकाना

प्रशासनाला आकडा हवा असतो आणि तक्ता भरलेला हवा असतो. कोरा रकाना दिसला की आपल्याला कामचुकारपणाचा संशय येतो. या सवयीचा फेरविचार करण्यास मला रायपूरच्या वास्तव्यात भेटलेल्या एका तंत्रसहायकाने भाग पाडले. वनपरिसंस्थेच्या एका अभ्यासप्रकल्पात तो कंत्राटी नोकरीस होता.

त्याचे काम वरकरणी साधे. गळालेली पाने वाळवून, तोलून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरायची, त्या जंगलात जमिनीवर ठेवायच्या आणि दर महिन्याला काही परत आणायच्या. प्रयोगशाळेत माती काढून पाने ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची व पुन्हा तोलायची. घटलेल्या वजनावरून पाने किती वेगाने कुजतात, हे कळते. एखादी पिशवी रानडुकरे उकरतात, एखादी पावसात वाहून जाते. अशा वेळी तो रकाना कोरा ठेवी आणि शेजारी कारण लिही. ‘आजूबाजूच्या पिशव्यांची सरासरी का घेत नाही?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहब, जो तौला नहीं, वो कैसे लिखूँ?’’

या प्रश्नाचे मोल मोठे आहे. अतिरिक्त वन व वृक्षाच्छादनातून २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी साठवण वाढवू, असे भारताने २०१५ साली जगाला सांगितले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालानुसार २००५च्या तुलनेत २.२९ अब्ज टनांची भर पडली आहे. वनाचे क्षेत्र उपग्रहाला दिसते. पालापाचोळ्यातील आणि मातीतील कार्बन मात्र कोणीतरी खणून, वाळवून, तोलूनच कळतो.

माणूस मोबदल्याच्या रचनेप्रमाणे वागतो, असे अर्थशास्त्र शिकविते. येथील रचना कशी आहे? प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा आणि मुदतवाढ प्रगती-अहवालावर अवलंबून. म्हणजे रकाना भरण्याचे बक्षीस आहे, कोरा ठेवण्याचे नाही. तरीही तो कोरा राहिला, हे त्या तरुणाचे शील. व्यवस्थेचे श्रेय नव्हे.

शासनाने केवळ शीलावर विसंबू नये. न मिळालेल्या नोंदीचे कारण लिहिण्यास अहवालाच्या नमुन्यातच जागा असावी आणि दीर्घकालीन निरीक्षणासाठी तंत्रसहायकांची पदे कायम असावीत. वनाचे मोजमाप दशकांचे असते. मोजणाराच दर तीन वर्षांनी बदलला, तर कोऱ्या रकान्यामागील कारण सांगणारा कोणी उरत नाही.