झेंडूचा गट

२४ जून २०२४
तिसरीची वाचन चाचणी. पट २७. अक्षर ९, शब्द ८, परिच्छेद ६, गोष्ट ४.

२६ जून
गट पाडले. वरून खाली मोगरा, गुलाब, जास्वंद, झेंडू. कोण कुठल्या पातळीवर ते कळू नये म्हणून फुलांची नावं. मधल्या सुट्टीत पटांगणातून हाक: "ए झेंडू!" पोरांना काय कळत नाही?

२ जुलै
झेंडूबरोबर वीस मिनिटं, सतरंजीवर. क-ख-ग नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी रुजवलेली अक्षरगटांची रीत: मोजकी अक्षरं, लगेच शब्द. म, क, ल, र आणि काना. मका, माल, काका. "मामाला मार" त्यांनीच जुळवलं. लोळून हसली.
उरलेले १८ तेवढ्यात एकमेकांच्या उरावर.

९ जुलै
एक जण धडाधड वाचतो. चित्रावर हात ठेवला. गप्प. पान पाठ होतं. बोट भलत्याच ओळीवर.

१६ जुलै
उद्या आषाढी. पाचच मुलं. गट नाहीत. बरं वाटलं.

५ ऑगस्ट
वरून गटवार टक्केवारी मागितली. दोनच्या आत. भरली. वेळ गेला तो झेंडूचा.

२२ ऑगस्ट
झेंडूतली ती भिंतीकडेची अजून तोंड उघडत नाही. आज ओठ हलले. मी फळा पुसत राहिले.

२४ सप्टेंबर
उकार. भिंतीकडेची शब्दाची पट्टी हातात घेऊन बसली. कु... क... र. मान वर. "कुकर! आमच्यात हाय."

१४ ऑक्टोबर
पुन्हा चाचणी. अक्षर ३, शब्द ९, परिच्छेद ८, गोष्ट ७. ती शब्दात, म्हणजे जास्वंदीत. शाबासकी दिली, दप्तर उचलायला सांगितलं. उचललं. डोळे भरलेले.

१५ ऑक्टोबर
ती परत झेंडूत. का गं?
"तिकडं तुम्ही बसत नाही, बाई."
रात्री टाचणवही चाळली. जूनपासून मोगऱ्याबरोबर चार वेळा. चारच.

१९ नोव्हेंबर
इलेक्शन ड्यूटी. मतदान यंत्र मांडीशी, एसटीत. आमच्या वर्गातही उद्या बूथ. सतरंजी गुंडाळून कपाटावर ठेवून आलेय.

२५ नोव्हेंबर
आजपासून पाळी लावली. सोमवारी मोगरा. गोष्टीचं पुस्तक आणलं होतं, जोडाक्षरांचं. कुणी उघडलंच नाही. एकाची म्हैस काल व्यायली. रेडकू कसं उभं राहिलं, कसं पडलं, परत कसं उभं राहिलं. वीस मिनिटं तेच.